जुन्या कामाची शिदोरी

‘जुने ते सोने’ ही म्हण आमच्या व्यवसायात कोणी उच्चारली, तर तरुण सहकारी सौजन्याने हसतात आणि पुन्हा आपापल्या पडद्याकडे वळतात. संगणकाच्या जगात जुने म्हणजे टाकाऊ, हा समज खोल रुजलेला आहे. यंत्रे बदलतात, भाषा बदलतात, पाच वर्षांपूर्वीचे कौशल्य आज कोणी विचारीत नाही. तेव्हा मागच्या कामात काय शिकलो हे जपून ठेवायचे तरी कशासाठी, असा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला गेला आहे. तीसेक वर्षे कोल्हापुरात आणि पुण्यात आज्ञावल्या लिहिण्याचे काम करून आम्ही आता घाटाच्या पायथ्याशी, फोंडाघाटात येऊन राहिलो आहोत. येथे वेळ भरपूर आहे आणि पावसाळ्यात तर विजेअभावी पडद्याकडे वळण्याची सोयही नसते. त्यामुळे या प्रश्नाचा थोडा निवांत विचार करता आला.

वाचकांपैकी पुष्कळांचा या व्यवसायाशी संबंध नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सॉफ्टवेअर तयार करणे हे घर बांधण्यासारखे आहे असे लोक समजतात. ते काही अंशी खरे आहे. पण गवंड्याला शंभरावे घर बांधताना भिंत ओळंब्यात कशी आणावी हे पुन्हा शिकावे लागत नाही. आमच्याकडे मात्र एक काम संपले की ते करणारे दहाजण दहा दिशांना पांगतात. कोणी दुसऱ्या शहरात जातो, कोणी दुसऱ्या कंपनीत, कोणी परदेशी. मागे राहते ती आज्ञावली. ती काय करते हे तिच्या ओळी वाचून कळते. ती तसे का करते हे कळत नाही. पुढच्या कामावर आलेले नवे दहाजण कोरी पाटी घेऊन बसतात आणि मागच्यांनी ज्या दगडांवर ठेचा खाल्ल्या, नेमक्या त्याच दगडांवर पुन्हा खातात. याचे बिल ग्राहक भरतो, आणि कधीकधी ग्राहकाच्याही पलीकडे उभा असलेला, संगणक कधी न पाहिलेला एखादा माणूस भरतो.

असा माणूस आम्ही आमच्या पहिल्याच कामात पाहिला. १९९० नंतरच्या त्या वर्षांत आम्ही कोल्हापुरातल्या एका लहान संस्थेत होतो आणि सहकारी साखर कारखान्यांचे ऊसबिलाचे काम संगणकावर आणून देत होतो. फॉक्सप्रो नावाची प्रणाली, कर्कश आवाज करणारे डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र आणि धूळ आत येऊ नये म्हणून पडदे लावलेली एक खोली, एवढे आमचे भांडवल. पहिल्या कारखान्याचे काम पुरे व्हायला दहा महिने लागले. दुसऱ्याचे साडेतीन महिन्यांत झाले. आमच्या मालकांना वाटले की पहिल्याच आज्ञावल्या उचलून दुसरीकडे बसवल्या म्हणून वेळ वाचला. वास्तविक निम्म्याहून अधिक आज्ञावल्या नव्याने लिहिल्या होत्या, कारण दुसऱ्या कारखान्याची बिलाची रीत निराळी होती. वेळ वाचला तो एका दोनशे पानी वहीमुळे.

ती वही आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. वजनकाट्यावर, शेतकी विभागात, हिशेबनिसांच्या टेबलाजवळ ते तासन्तास बसत आणि जे ऐकतील ते वहीत टिपून ठेवीत. हंगाम म्हणजे आर्थिक वर्ष नव्हे; साखरेचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३० सप्टेंबरला संपते, तेव्हा एप्रिल ते मार्च धरून कोष्टके मांडू नयेत. एका गावात एकाच नावाचे पाच उत्पादक निघतात, वडिलांचे नावही जुळते. म्हणून नावावर कधीही विसंबू नये, उत्पादक क्रमांकच धरावा. वारस नोंद झाली तरी जुना क्रमांक पुसू नये, कारण मागच्या हंगामाचा अंतिम हप्ता अजून यायचा असतो. बैलगाडीचे रिकामे वजन हंगामात एकदाच घेऊन चालत नाही. पाचट आणि बांधणीची वजावट कशी धरायची हे प्रत्येक कारखान्यात विचारून घ्यावे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्याप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास व्याज. म्हणून पोहोचल्याची तारीख ही बिलातली सर्वांत नाजूक गोष्ट. यांतले एकही वाक्य संगणकाविषयी नाही. आणि तरीही आमच्या मते ती वही हेच त्या संस्थेचे खरे सॉफ्टवेअर होते.

पुढे संस्था बंद पडली. टेबले विकली, यंत्रे विकली, कागद रद्दीत गेले. वहीही त्यात गेली असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो.

मागच्या कामाचे ज्ञान पुढच्या कामी कसे यावे हा प्रश्न काही आमच्या खोलीतच उगवलेला नव्हता. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश येथे नाटो संघटनेच्या आश्रयाने एक परिषद भरली होती. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग तिच्यामुळे रूढ झाला. तेथे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी असे मांडले की, यंत्रे जुळवणाऱ्याला जसे तयार सुटे भाग यादीत पाहून मागवता येतात तसे आज्ञावल्यांचेही व्हावे. ही कल्पना हळूहळू प्रत्यक्षात आली. आज कोणताही तरुण दुसऱ्याने लिहिलेले शेकडो सुटे भाग क्षणात उतरवून घेतो. परंतु सुटा भाग मिळणे वेगळे आणि तो कोठे बसवू नये हे कळणे वेगळे.

या दुसऱ्या गोष्टीचा पद्धतशीर विचार झाला तो अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या गॉडर्ड केंद्रात. १९७६ साली मेरिलँड विद्यापीठ आणि कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन ही कंपनी यांना बरोबर घेऊन तेथे एक सॉफ्टवेअर प्रयोगशाळा सुरू झाली. ती २००१ पर्यंत चालली. प्राध्यापक व्हिक्टर बसिली हे तिच्या प्रमुखांपैकी एक. उपग्रहांच्या मार्गांचे गणित करणाऱ्या आज्ञावल्या लिहिताना किती तास लागले, चुका कोठे झाल्या, त्या केव्हा सापडल्या, याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्यातून निघालेल्या मांडणीला बसिली यांनी ‘अनुभवाचा कारखाना’ असे नाव दिले. मुद्दा साधा आहे. जे लोक काम वेळेत पुरे करण्याच्या घाईत आहेत त्यांच्याकडून अनुभवाची राखण होणार नाही. त्यासाठी दुसरी वेगळी माणसे हवीत, ज्यांचे कामच मुळी झालेल्या कामाकडे पाहणे, त्यातले पुढे उपयोगी पडेल ते निवडणे आणि नवे काम सुरू होताना ते हातात आणून देणे हे असेल. गॉडर्ड येथे काही वर्षांतच नव्या कामांतला जुन्या भागांचा हिस्सा सुमारे एक पंचमांशावरून चार पंचमांशाच्या आसपास गेला, असे त्यांच्या अहवालांत नमूद आहे. वेगळी माणसे ठेवायची म्हणजे वेगळा पगार द्यायचा; पुष्कळ ठिकाणी गाडी तेथेच अडते. आमच्या संस्थेत तर तो विचारही शक्य नव्हता. आमच्याकडे अनुभवाचा कारखाना म्हणजे एक गृहस्थ आणि त्यांच्या खिशातले निळ्या शाईचे पेन.

आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर हे साधल्याचे उदाहरण मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे आहे. १९८९ साली त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या ‘सेगा’ संस्थेसाठी ‘सेकॉम’ ही प्रणाली दिली. रोख्यांची मालकी कागद न हलवता, नुसत्या नोंदीने एका नावावरून दुसऱ्या नावावर जावी, अशी ती व्यवस्था. पुढे कॅनडाच्या अशाच संस्थेचे काम त्यांच्याकडे आले. आणि १९९६ साली आपल्याकडे डिपॉझिटरीचा कायदा होऊन मुंबईत एन.एस.डी.एल. उभी राहिली, तेव्हा तिच्या प्रणालीचे कामही त्यांनीच केले. ज्या वाचकांनी तत्पूर्वी शेअरचे कागद हाताळले असतील त्यांना आठवेल: हस्तांतराचे अर्ज, सही जुळत नाही म्हणून परत आलेले लखोटे, टपालात गहाळ झालेली प्रमाणपत्रे. ते सगळे काही वर्षांत इतिहासजमा झाले. स्विस आज्ञावली येथे जशीच्या तशी चालली नसती. कायदा निराळा, दलालांची रीत निराळी, भागधारकांची संख्या कितीतरी निराळी. पण रोखे आणि पैसे यांची अदलाबदल अर्ध्यावर तुटली तर काय करायचे, दिवसअखेर कोणते आकडे कोणत्या आकड्यांशी जुळलेच पाहिजेत, हे जाणणारी माणसे त्या घरात होती. शिदोरी होती ती ही.

त्याच समूहाने १९८१ साली पुण्यात ‘टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर’ हे संशोधनकेंद्र काढले. आमच्या पुण्याच्या दिवसांत त्याच्याविषयी आदराने बोलले जाई. तेथून ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन बाहेर आले. त्यामागची दृष्टी आम्हांला आजही पटते: व्यवहाराचा आराखडा एका जागी नीट मांडून ठेवायचा आणि त्यावरून आज्ञावली यंत्राकडून लिहवून घ्यायची. उद्या यंत्र बदलले, भाषा बदलली, तरी आराखडा तोच राहतो.

योगायोग असा की त्याच १९८१ साली, त्याच पुण्यात इन्फोसिसचाही जन्म झाला. १९८३ मध्ये ती कंपनी बंगळूरला गेली. तेथे शतकाच्या अखेरीस त्यांनी कर्मचाऱ्यांच्या अनुभवांचे ‘के-शॉप’ नावाचे भांडार उघडले आणि त्यात भर घालावी म्हणून गुण देण्याची योजना आखली. आपला अनुभव लिहून द्यावा, तो स्वीकारला गेला की गुण मिळावेत, वाचणाऱ्यांनी चांगला अभिप्राय दिला की आणखी मिळावेत, आणि त्या गुणांचे पुढे पैसे अथवा भेटवस्तू व्हाव्यात. झाले असे की लेखांचा पूर लोटला. लिहिणारे लिहू लागले, स्नेही स्नेह्यांना अभिप्राय देऊ लागले, तपासणारे तज्ज्ञ मेटाकुटीला आले आणि कामाचा लेख शोधणाऱ्याला तो ढिगात सापडेना. पुढे कंपनीने हे ओळखून पैशाचे महत्त्व कमी केले आणि प्रत्यक्ष उपयोग झाला का, यावर भर दिला. रघु गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी २००५ साली या सर्व प्रकरणाचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीने तो होऊ दिला हे तिचे मोठेपण. आम्ही स्वतः पुण्यात ज्या एका मोठ्या कार्यालयात काही काळ होतो तेथे प्रत्येक काम संपताना ‘काय शिकलो’ या शीर्षकाचा तक्ता भरावा लागे. ‘ग्राहकाशी संवाद वाढवावा’, ‘चाचणीला अधिक वेळ द्यावा’, अशी वाक्ये त्यात वर्षानुवर्षे एकमेकांवरून उतरवली जात. तो तक्ता कोणी उघडून वाचल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. जुने उचलून नव्यात ठेवणे हे नेहमीच शहाणपणाचे नसते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘आरियान ५’ हे नवे अग्निबाण दक्षिण अमेरिकेतल्या कुरू तळावरून उडाले आणि चाळीसेक सेकंदांत आकाशातच फुटले. आतला दिशामापक संगणक आणि त्याची आज्ञावली ‘आरियान ४’ वरून घेतली होती. तेथे ती वर्षानुवर्षे निर्वेध चालली होती. आज्ञावलीच्या एका भागात आडव्या वेगाशी निगडित असा एक मोठा आकडा लहान जागेत बसवला जाई. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. जुन्या अग्निबाणाचा आडवा वेग सुरुवातीच्या काळात तेवढा वाढतच नसे. नवे अग्निबाण अधिक वेगवान, आकडा मावला नाही, संगणक बंद पडला. त्याच्या सोबतीला ठेवलेला दुसरा संगणक त्याच आज्ञावलीवर चालत होता. तोही त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. याहून चटका लावणारी गोष्ट अशी की, ज्या भागात हे घडले त्याची उड्डाणानंतर ‘आरियान ५’ ला गरजच नव्हती. जुन्या अग्निबाणाची उलटगणती ऐन वेळी थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून तो भाग उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवीत. गरज गेली, सवय राहिली.

झाक-लुई लिआँ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा अहवाल आम्ही अनेकदा वाचला आहे आणि त्यातल्या एका बारीक निरीक्षणाशी दर वेळी थांबलो आहोत. असे सात आकडे होते. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तिघांना दिले नव्हते. संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय होता. परंतु तिघांना का वगळले याचे कारण खुद्द आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नव्हते. आज्ञावली नव्या यानात पोहोचली. कारण जुन्या कागदांत राहिले.

घाटरस्त्यावर काम करणारे एक जुने मैलकामगार आमच्या शेजारी राहतात. देवगडहून निपाणीला जाणारा हा रस्ता आमच्या गावातून वर चढतो आणि दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीकडे उतरतो. कोणती मोरी कोणत्या नक्षत्रात तुंबते, कोणत्या वळणावर वरची माती आधी सुटते, हे त्या गृहस्थांना पाठ आहे. एकदा आम्ही त्यांना विचारले की मोरी तुंबली तर आधी तोंड मोकळे करता ना? ते म्हणाले, “साहेबानू, पाणी खयसून येता ता आदी बघा, जाता खंय ता मगे बघूया.” वर डोंगरात कोणी बांध घातला, कोठे झाड पडले, हे न पाहता नुसती मोरी उपसणाऱ्याला दर आठवड्याला ती उपसावी लागते, असा त्यांचा अनुभव. मोऱ्यांचे क्रमांक नकाशावर असतीलच. हे असले काही नकाशावर नसते, आणि ते आता निवृत्तीला आले आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आम्हांला पुण्याहून एका मुलीचा फोन आला. आमच्या कोल्हापूरच्या काळातल्या एका कारखान्याची ऊसबिलाची प्रणाली आता तिच्या कंपनीकडे होती. मधल्या काळात ती दोनदा नव्या यंत्रांवर, नव्या भाषेत नेली गेली. पण नेणाऱ्यांनी जुन्या अटी डोळे झाकून तशाच पुढे उतरवल्या होत्या. आता तिसऱ्यांदा सर्व काही नव्याने मांडायचे होते आणि निरुपयोगी वाटेल ते काढून टाका, असा वरून हुकूम होता. जुन्या एका ओळीत आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे आणि आमचे नाव तिला आढळले. सहकारी २०२१ च्या करोनाच्या लाटेत गेले. म्हणून ती आमच्यापर्यंत पोहोचली.

चार दिवसांनी ती कोल्हापूरहून एस.टी.ने घाट उतरून आलीच. फोनवर ‘सर’ म्हणणारी मुलगी दुपारचे जेवण होईपर्यंत ‘काका’ म्हणू लागली होती. तिने छापून आणलेल्या कागदांवर तीन अटींभोवती लाल वर्तुळे होती. पहिली अट अशी: रात्री १२ ते पहाटे ४ या वेळेत वजन झालेली पावती आदल्या दिवसाच्या तारखेत धरावी. तिच्या वरिष्ठांना ती चूक वाटली होती. आजकाल आज्ञावल्या वाचून सल्ला देणारी जी बुद्धिमान यंत्रे आली आहेत त्यांनीही ‘तारखेतील ही विसंगती काढून टाकावी’ असेच सुचवले होते. यंत्राला दोष कसा द्यावा? त्याच्यासमोर जे होते त्यावरून कोणीही तेच म्हणाला असता.

आम्हांला मात्र ती अट पाहताच सबंध फेब्रुवारी आठवला. त्या कारखान्यात १ मार्चपासून येणाऱ्या उसाला वाढीव दर असे. हंगामाच्या शेवटी ऊस वाळतो, वजन घटते, त्याची ती भरपाई. पहिल्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्री काही गाड्या रांगेत मुद्दाम मागे ठेवून बाराच्या ठोक्यानंतर काट्यावर घेतल्या गेल्याची तक्रार आली. एकाच बांधावरच्या, एकाच दिवशी तोडलेल्या उसाला दोन दर लागले. बिले निघाल्यावर कार्यालयाच्या खिडकीशी जे झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तीन गाड्यांचा धनी असलेला एक म्हातारा शेतकरी दोन बिले दोन हातांत धरून, यातले खरे कोणते, एवढेच पुन्हा पुन्हा विचारीत होता. संचालक मंडळाने मग ठरवले की कारखान्याचा दिवस पहाटे ४ ला, पाळी बदलते तेव्हा सुरू होतो. रात्रपाळीत आलेला सर्व ऊस आदल्या दिवसाचा. पाळी बदलताना गाड्यांचे नंबर आणि पावत्या यांचा मेळ घेतला जाई, तेव्हा गाडी मागे ठेवायला वाव राहिला नाही. प्रयोगशाळेचा रोजचा उतारादेखील त्याच दिवसावर निघे. आमच्या सहकाऱ्यांनी ती अट त्याच रात्री लिहिली. अट काढली असती तर पुढच्या १ मार्चला तो म्हातारा नव्हे, त्याचा नातू त्या खिडकीशी उभा राहिला असता.

मुलीने सगळे टिपून घेतले. दुसऱ्या दोन अटींचे कारण मात्र आम्हांलाही सांगता येईना. त्या आमच्या हातच्या नव्हत्या.

तेव्हा आम्हांला आमच्या जुन्या तबकड्या आठवल्या. संस्था बंद होण्यापूर्वी वहीतली वीसेक पाने कोणीतरी संगणकावर टंकून ठेवली होती आणि आमच्याकडे त्यांची प्रत होती. एका यंत्रावरून दुसऱ्यावर करत ती आजवर टिकली. उघडून पाहिली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कालवा. त्या काळी मराठी अक्षरांच्या सांकेतिक मांडणीचे राष्ट्रीय प्रमाण १९९१ साली ठरले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छपाईची मराठी अक्षरे विकणारा प्रत्येक व्यावसायिक आपली मांडणी वेगळी ठेवी. अक्षरसंच गेला की मजकूर गेला. नियतकालिक चालवणाऱ्यांना हे दुखणे नव्याने सांगायला नको. किती संपादकांचे जुने अंक आज असेच कुलूपबंद असतील. आम्ही हात टेकले. त्या मुलीने टेकले नाहीत. वीज होती तेवढ्या दोन संध्याकाळी बसून तिने ‘हंगाम’, ‘ऊस’, ‘गाडी’ असे ठरावीक शब्द कोठे असावेत याचा अदमास घेतला, चिन्हाला अक्षर जुळवत नेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिले पान वाचून दाखवले. आमच्या सहकाऱ्यांची वाक्यरचना आम्ही तीस वर्षांनी ऐकत होतो. ‘उत्पादकास विचारावे, कारकुनास नव्हे’ हे त्यांचे आवडते वाक्य त्या पानावर दोनदा होते.

दुसऱ्या अटीचे कारण त्या पानांत मिळाले: एका गावच्या पुलावरून भरलेल्या ट्रकला बंदी होती, म्हणून तेथला ऊस बैलगाडीने अलीकडे आणून ट्रकमध्ये भरीत, आणि वाहतुकीचे बिल दोन तुकड्यांत द्यावे लागे. आता तेथे नवा पूल आहे. ती अट मुलीने निःशंकपणे काढली. तिसरीचा उलगडा झाला नाही. तिच्याशेजारी तिने ‘कारण अज्ञात, चौकशी चालू, तोवर काढू नये’ असे तारीख घालून लिहिले. पहिल्या अटीवर तर तिने चांगल्या सहा ओळी मराठीत लिहिल्या. तिच्या वरिष्ठांना ते रुचले नाही असे कळले, पण त्या अजून तेथे आहेत.

तेव्हापासून आम्ही दर आठवड्याला तिला दोन-तीन पाने लिहून पाठवतो. वजनकाटा आणि बिले झाली. तोडणी-वाहतूक आणि मुकादमांच्या उचलीचा भाग राहिला आहे आणि तो गुंतागुंतीचा आहे. राधानगरीच्या बाजूला एक निवृत्त शेतकी अधिकारी राहतात, त्यांना त्यातले बरेच ठाऊक असावे. तिसऱ्या अटीविषयीही त्यांनाच विचारायचे आहे. मुलगी शनिवारी येईल. रस्त्यावर दरड आली नसेल तर रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे वर जाऊ.